प्रतोद, रिकामी खुर्ची आणि साकोली

सभागृहात इतरांची मते मोजणाऱ्या माणसाला सर्वोच्च पदावर पोहोचण्यासाठी जनतेची मते मिळवावी लागतातच असे नाही, हे 'हाऊस ऑफ कार्ड्स' या अमेरिकी मालिकेचे मूळ सूत्र. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सवर तिचे पहिल्या पर्वाचे सर्व तेरा भाग एकाच दिवशी खुले झाले आणि सहा पर्वे, ७३ भागांनंतर २ नोव्हेंबर २०१८ रोजी शेवटचे पर्व आले. नेटफ्लिक्स भारतात आले ते जानेवारी २०१६ मध्ये. त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणात पहाटेचा शपथविधी, हॉटेलांत ठेवलेले आमदार, सुरत-गुवाहाटीची विमाने आणि दोन पक्षांतील उभी फूट असे सारे घडले. ज्यांनी मालिका पाहिली होती त्यांना तिची आठवण होणे स्वाभाविकच होते.

मात्र ही तुलना बहुधा कटकारस्थानापाशीच थांबते. रात्रीच्या बैठका आणि बंद दाराआडचे शब्द कोणत्याही देशात सारखेच असतात. खरे साम्य, आणि खरा फरकही, दोन कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींत आहे. पक्षाचा प्रतोद ही एक आणि रिकामी झालेली खुर्ची ही दुसरी. महाराष्ट्रातील सत्तानाट्याचा हा धागा मागे मागे नेत गेले, तर तो मुंबईत न थांबता भंडारा जिल्ह्यातील साकोली मतदारसंघापर्यंत पोहोचतो.

कथा कुठून आली?

मालिका अमेरिकी असली तरी तिचे मूळ ब्रिटिश आहे. मायकेल डॉब्स हे मार्गारेट थॅचर यांच्या काळात हुजूर पक्षात मोठ्या पदावर काम केलेले गृहस्थ. त्यांनी १९८९ मध्ये याच नावाची कादंबरी लिहिली. पत्त्यांचा बंगला हा नावाचा सरळ अर्थ. पण 'हाऊस' म्हणजे संसदेचे सभागृहही, आणि ही कोटी मराठीत आणता येत नाही. बीबीसीने या कादंबरीवर चार भागांची मालिका केली. तिचा पहिला भाग १८ नोव्हेंबर १९९० रोजी दाखविला गेला. योगायोग असा, की त्याच आठवड्यात थॅचर यांच्या नेतृत्वाला त्यांच्याच पक्षातून आव्हान मिळाले आणि २२ नोव्हेंबरला त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. पडद्यावर थॅचर यांच्यानंतरच्या सत्तासंघर्षाची कल्पित कथा सुरू होती आणि बाहेर तोच संघर्ष खरोखर चालला होता. जाहिरातीचे कितीही पैसे ओतले तरी असा मुहूर्त साधता आला नसता.

ब्रिटिश आवृत्तीतील फ्रान्सिस अर्कहार्ट हा पक्षाचा मुख्य प्रतोद. अमेरिकी आवृत्तीचे लेखक बो विलिमन यांनी त्याचा फ्रान्सिस अंडरवूड केला आणि त्याला साउथ कॅरोलिनातून निवडून आलेला, प्रतिनिधिगृहातील बहुमताच्या पक्षाचा प्रतोद बनविले. केव्हिन स्पेसी यांनी ही भूमिका केली, तर त्याची पत्नी क्लेअर रॉबिन राइट यांनी साकारली. पहिले दोन भाग दिग्दर्शित करणाऱ्या डेव्हिड फिंचर यांना त्यासाठी २०१३ चा एमी पुरस्कार मिळाला. स्पेसी यांच्यावर २०१७ च्या अखेरीस लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले व त्यांना मालिकेतून वगळण्यात आले. (पुढे २०२३ मध्ये लंडनच्या न्यायालयातील खटल्यात ते निर्दोष ठरले.) त्यामुळे शेवटचे आठ भाग एकट्या क्लेअरच्या खांद्यावर उभे राहिले. ते फारसे पेलले नाहीत, असे म्हणावे लागेल. नायकाचा मृत्यू पडद्याबाहेर उरकून टाकल्यावर कथेत तसे काही उरलेच नव्हते.

खुर्ची रिकामी करण्याची कला

निवडणुकीत मदत केल्याच्या बदल्यात परराष्ट्रमंत्रिपद देण्याचे वचन नवे अध्यक्ष मोडतात, येथून कथा सुरू होते. अंडरवूड संतापत नाही. तो हिशेब मांडतो. त्याला उपाध्यक्षपद हवे आहे, पण त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेले आहे. उपाध्यक्ष पूर्वी पेनसिल्व्हेनिया राज्याचा गव्हर्नर होता आणि वॉशिंग्टनमध्ये त्याचा जीव रमत नाही. मग अंडरवूड पीटर रुसो या व्यसनी पण भाबड्या लोकप्रतिनिधीला त्या राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे करतो, त्याला सावरतो, मोठे करतो आणि ऐन वेळी कोसळवतो. पक्षाला आयत्या वेळी उमेदवार हवा असतो, उपाध्यक्षाला घरी परतायचे असते, आणि खुर्ची रिकामी होते. रुसोचा त्यात जीव जातो. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस अध्यक्षही राजीनामा देतात व अंडरवूड देशाचा अध्यक्ष होतो. राष्ट्रीय पातळीवर त्याला एकाही मतदाराने मत दिलेले नसते.

हे अतिरंजित वाटेल. खून बाजूला ठेवले, तर तसे ते नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या १९६७ च्या पंचविसाव्या दुरुस्तीनुसार उपाध्यक्षपद रिकामे झाल्यास अध्यक्ष नाव सुचवितात आणि दोन्ही सभागृहे त्याला मान्यता देतात. १९७३ मध्ये स्पायरो ॲग्न्यू यांनी राजीनामा दिला तेव्हा जेराल्ड फोर्ड याच मार्गाने उपाध्यक्ष झाले आणि ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन पायउतार होताच अध्यक्ष. दोन्हींपैकी एकाही पदासाठी त्यांना निवडणूक लढवावी लागली नव्हती. फोर्ड सरळमार्गी गृहस्थ होते. पण वाट होती हे त्यांच्या उदाहरणाने सिद्ध झाले. मालिकेने त्या वाटेवर एका निर्दय माणसाला चालविले, इतकेच.

अंडरवूड अधूनमधून कॅमेऱ्याकडे वळून थेट प्रेक्षकांशी बोलतो. इंग्रजी समीक्षेत या तंत्राची चर्चा बरीच झाली. नाटकातील स्वगताची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात सुगीनंतर रात्र रात्र चालणारी झाडीपट्टी रंगभूमी पाहणाऱ्याला तर मुळीच नाही. परिणाम मात्र मोठा आहे. खलपुरुष आपल्याला विश्वासात घेतो आणि आपण नकळत त्याच्या बाजूचे होतो. मालिकेचे यश आणि तिच्यावरील नैतिक आक्षेप, दोन्हींचे मूळ येथे आहे.

मराठी पडद्यावर

मराठीत या वाटेवर जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' हा चित्रपट १९७९ मध्येच पोहोचला होता. विदर्भातच जन्मलेले पत्रकार-कादंबरीकार अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक) आणि त्यांची खुर्ची मिळवू पाहणारे अर्थमंत्री (श्रीराम लागू) यांच्यातील हा सामना दिगू टिपणीस या पत्रकाराच्या (निळू फुले) नजरेतून उलगडतो. अमेरिकी मालिकेतील झोई बार्न्स ही बातमीदार बातमीसाठी सत्तेच्या जवळ जाते आणि प्राणाला मुकते. दिगू जिवंत राहतो, पण सारे पाहून अखेरीस त्याचे भान सुटते. बातमीदाराच्या नशिबाची ही दोन टोके या व्यवसायातील वाचकांनी शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत.

'सिंहासन'मध्ये एक गोष्ट जवळजवळ नाही, ती म्हणजे कायद्याची भीती. आमदार फुटतो की नाही एवढाच प्रश्न. फुटला तर त्याची आमदारकी जाईल काय, हा प्रश्न कुणाला पडत नाही. ते खरेच होते. चित्रपट येण्याच्या एकच वर्ष आधी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटील यांचे सरकार पाडून शरद पवार वयाच्या ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले होते आणि त्या वेळी पक्षांतरबंदीचा कायदा अस्तित्वात नव्हता.

चाबूक कुणाच्या हातात?

इंग्रजीतील 'व्हिप' हा शब्द शिकारीतून आला. कोल्ह्याच्या शिकारीत कुत्र्यांचा कळप भरकटू नये म्हणून चाबूक घेऊन धावणारा जो माणूस, त्याच्यावरून सभागृहात आपल्या पक्षाच्या सदस्यांना एकत्र राखणाऱ्याला हे नाव पडले. मराठीने त्यासाठी निवडलेला संस्कृत 'प्रतोद' हा शब्दही तोच अर्थ सांगतो: जनावर हाकण्याचे साधन, म्हणजे शेतकऱ्याच्या हातची पराणी. इंग्रजीत माणूस आणि त्याचा आदेश दोहोंना एकच शब्द आहे. मराठीत माणूस तो प्रतोद, आणि त्याने बजावलेला तो पक्षादेश.

अमेरिकेत या चाबकाला कायद्याची धार नाही. तेथील सदस्याने पक्षाविरुद्ध मत दिले तर फार तर समितीतील जागा जाते किंवा पुढच्या वेळी उमेदवारीत अडचण येते. सदस्यत्व जात नाही. म्हणूनच अंडरवूडला प्रत्येक मतासाठी वेगळी किल्ली शोधावी लागते. कुणाला कारखान्याचे आमिष, कुणाला जुन्या प्रकरणाची धमकी, कुणाला केवळ स्तुती. मालिकेचे सारे नाट्य या कायदेशीर पोकळीतून जन्मते. वास्तवात याचे टोक ३ ऑक्टोबर २०२३ रोजी दिसले. प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष केव्हिन मॅकार्थी यांना २१६ विरुद्ध २१० मतांनी हटविण्यात आले आणि त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या आठ सदस्यांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले. त्या आठांपैकी एकाचेही सदस्यत्व त्या मतामुळे गेले नाही. नवे अध्यक्ष मिळेपर्यंत तीन आठवडे सभागृहाचे कामकाज जवळजवळ ठप्प होते.

भारतात उलट आहे. १९६७ नंतरच्या 'आयाराम-गयाराम' काळाला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेश मोडणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षणही २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकले. उरली ती दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची वाट. म्हणजे आपल्याकडच्या प्रतोदाला धमकी द्यावी लागत नाही, त्याच्या वतीने राज्यघटनाच ती देते.

मग महत्त्वाकांक्षेला जागा उरते कुठे? ती उरते, फक्त सरकते. अपात्रतेचा निवाडा सभागृहाचा अध्यक्ष करतो. खरा प्रतोद कोण, याची नोंदही तोच घेतो. त्यामुळे सत्तेच्या खेळात आमदारांच्या संख्येइतकीच किंमत अध्यक्षांच्या खुर्चीला आली. पक्षांतर थांबविण्यासाठी केलेल्या कायद्याने एका निःपक्ष पदाला डावाच्या मध्यभागी आणून बसविले, हे कायदा करणाऱ्यांच्या मनात खचितच नसावे.

सतरा महिन्यांची रिकामी जागा

ही खुर्ची १ डिसेंबर २०१९ रोजी साकोलीचे आमदार नाना पटोले यांच्याकडे आली. महाविकास आघाडीचे सरकार नुकतेच सत्तेवर आले होते. भाजपच्या किसन कथोरे यांनी अर्ज मागे घेतल्याने निवड बिनविरोध झाली. भंडारा जिल्ह्यातील आमदाराला राज्याच्या सत्तारचनेत मिळालेले हे मोठे स्थान होते. चौदा महिन्यांनी, ४ फेब्रुवारी २०२१ रोजी, पटोले यांनी उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पक्षाच्या दृष्टीने तो संघटनेचा निर्णय होता. अध्यक्षपदावरून पक्षकार्याकडे जाण्यात नियमबाह्य असे काही नव्हतेही.

पण खुर्ची पुन्हा भरली गेली नाही. अध्यक्षाची निवड 'शक्य तितक्या लवकर' करावी एवढेच राज्यघटना सांगते. मुदत घालून देत नाही. अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने होत असे आणि आघाडीतील तिन्ही पक्षांना आपली मते फुटण्याची धास्ती होती. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून खुल्या पद्धतीने निवड करण्याचे ठरले, तर राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि निवडणूक पुन्हा लांबली.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला व तेथून गुवाहाटीला गेले, तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा काढण्याची जबाबदारी उपाध्यक्ष झिरवाळ यांच्यावर आली. बंडखोर गटाने झिरवाळ यांनाच पदावरून हटविण्याची नोटीस दिली. अशी नोटीस प्रलंबित असताना अपात्रतेचा निर्णय घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशच्या नबाम रेबिया प्रकरणात म्हटले होते. न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत वेळ दिला. तोवर डाव संपला होता. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे यांनी शपथ घेतली आणि ३ जुलै रोजी राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. जी खुर्ची आघाडी सतरा महिने भरू शकली नाही, ती नव्या सरकारने चौथ्या दिवशी भरली.

पटोले यांचा राजीनामा हेच सरकार पडण्याचे कारण, असे आघाडीतील मित्रपक्षांतून नंतर सुचविले गेले. ते पूर्णतः पटत नाही. हटविण्याची नोटीस उपाध्यक्षांना देता येते तशी पूर्णवेळ अध्यक्षांनाही देता आली असती. दोष राजीनाम्यापेक्षा त्यानंतरच्या सतरा महिन्यांत अधिक आहे, आणि तो एका माणसाचा नाही.

पुढचा अंक प्रतोदाचा. नार्वेकर यांनी भरत गोगावले यांना शिवसेनेचे प्रतोद म्हणून मान्यता दिली. ठाकरे गटाचे प्रतोद होते सुनील प्रभू. एकाच पक्षाच्या नावाने दोन पराण्या उगारल्या गेल्या. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गोगावले यांची मान्यता बेकायदा ठरविली. प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णयही समर्थनीय नसल्याचे म्हटले. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पुनःस्थापित करता येत नाही, असेही सांगितले. अपात्रतेचा निर्णय पुन्हा अध्यक्षांकडेच गेला. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचे सांगितले आणि दोन्ही गटांच्या एकाही आमदाराला अपात्र ठरविले नाही. कोणत्याही पटकथाकाराने असा शेवट लिहिला असता तर निर्मात्याने तो परत पाठविला असता.

मतदार कुठे आहे?

'हाऊस ऑफ कार्ड्स'च्या पहिल्या पर्वात अंडरवूड एकदाच मनाविरुद्ध आपल्या मतदारसंघात परततो. गॅफनी या गावात पीच फळाच्या आकाराची पाण्याची टाकी आहे. (ती खरोखरीची असून १९८१ मध्ये बांधलेली आहे.) मोटार चालविताना त्या टाकीविषयी मोबाइलवर संदेश लिहिण्याच्या नादात एका तरुणीचा अपघाती मृत्यू होतो आणि टाकी उभी राहू दिल्याचे खापर अंडरवूडवर फुटते. तो मुलीच्या आईवडिलांसमोर हात जोडतो, चर्चमध्ये भाषण करतो, प्रकरण मिटवितो. त्यानंतर गॅफनीच्या मतदाराला कथेत फारसे काम उरत नाही. मालिकेची ही सर्वात मोठी उणीव आहे आणि तिला अमेरिकेपेक्षा भंडाऱ्याच्या इतिहासातून अधिक चांगले उत्तर मिळते.

या मतदारसंघाने मोठ्या नावांना सहज थारा दिलेला नाही. १९५४ मध्ये, भंडारा जुन्या मध्य प्रदेश राज्यात असताना, येथील द्विसदस्यीय मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दुसरे मत वाया घालविले तर बाबासाहेबांचा फायदा होईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला आणि घटनाकाराने तो नाकारला, असे सांगितले जाते. महत्त्वाकांक्षेच्या कथांमध्ये ही नकाराची कथाही नोंदविली पाहिजे. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद स्वीकारून तेही काँग्रेसमध्ये गेले.

अलीकडचा हिशेबही असाच. १९९१, १९९६ व १९९८ मध्ये निवडून आलेले प्रफुल्ल पटेल २००४ मध्ये भाजपच्या शिशुपाल पटले यांच्याकडून सुमारे तीन हजार मतांनी हरले. २००९ मध्ये पटेल जिंकले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेस सोडून अपक्ष उभे राहिलेले पटोले होते. २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर पटोले यांनी पटेल यांना सुमारे दीड लाख मतांनी हरविले. डिसेंबर २०१७ मध्ये, धान उत्पादकांसह शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर आपल्याच सरकारवर टीका करीत, त्यांनी खासदारकी व पक्ष दोन्ही सोडले.

पोटनिवडणूक झाली २८ मे २०१८ रोजी, पूर्व विदर्भाच्या ऐन उन्हाळ्यात. मतदान यंत्रांना जोडलेली व्हीव्हीपॅट यंत्रे जागोजाग बंद पडली, मतदार उन्हात रांगेत ताटकळले. ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले आणि गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांची बदली झाली. राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे निवडून आले. त्यांना वर्षभराचाच काळ मिळाला, कारण २०१९ मध्ये लगेच सार्वत्रिक निवडणूक होऊन भाजपचे सुनील मेंढे विजयी झाले. पाच वर्षांत तीन वेळा या मतदारांनी लोकसभेसाठी बोटाला शाई लावून घेतली. खासदार बदलत राहिले. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली असूनही त्याच्या कालव्यांचे आणि पुनर्वसनाचे प्रश्न मात्र प्रत्येक प्रचारात नव्याने मांडले गेले. राजीनामा देणाऱ्याला कारण असते, पक्ष बदलणाऱ्यालाही असते. कालव्याच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यापाशी मात्र मताखेरीज दुसरे साधन नसते आणि ते पाच वर्षांतून एकदा वापरायचे असते, हे गृहीत धरलेले असते.

२०२४ मध्ये काँग्रेसचे प्रशांत पडोळे यांनी मेंढे यांचा ३७ हजारांवर मतांनी पराभव केला. त्यानंतर सहाच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. माजी अध्यक्ष आणि त्या वेळचे प्रदेश काँग्रेस अध्यक्ष असलेले पटोले साकोलीतून पुन्हा उभे होते. भाजपच्या अविनाश ब्राह्मणकर यांच्यावर त्यांनी विजय मिळविला तो २०८ मतांनी.